खाऊन राहिले

लातूर, २८ जून १९४५

ती. प्रेमलाताईस,

तुझ्या मावशीच्या एकुलत्या उनाड मुलाचा नमस्कार.

लातूरला येऊन आठ दिवस झाले. धर्मशाळेत एक खोली मिळाली आहे. तिच्यात मी कमी आणि सामान जास्त. टिपकागदाचे गठ्ठे, फुलपाखरांची जाळी, स्पिरिटच्या बरण्या. परवा एका बरणीत घोणस घातली, तेव्हापासून इथला झाडूवाला माझ्या खोलीकडे फिरकत नाही. रोज मीच झाडून राहिलो.

तुझ्या मामंजींना, म्हणजे बापूसाहेबांना सांग की त्यांचा दोन पानी हुकूम पोचला. हैदराबादच्या संग्रहालयाची इमारत अजून नकाशातच आहे म्हणतात, पण लातूर, औसा, निलंगा या टापूत जे उडतं, सरपटतं, उगवतं आणि कुजतं त्याचा एकेक नमुना मात्र आत्ताच हवा. नमुन्याला क्रमांक, क्रमांकाबरोबर चिठ्ठी. चिठ्ठीत जागा, तारीख, रंग, गावातलं नाव, आणि शेवटच्या रकान्यात ‘लोक याचं काय करतात’. बाकीचे रकाने मी डोळे झाकून भरीन, या शेवटच्यानेच जीव खाल्ला आहे. हातात कागद दिसला की लोक मला आवडेल ते सांगू लागतात. एका म्हाताऱ्याने एकाच मुळीचे सकाळी सात आणि संध्याकाळी अकरा उपयोग सांगितले. म्हणून मी ठरवलं आहे, आता विचारायचं नाही. नुसतं बघायचं आणि दिसेल ते लिहायचं.

छत्र्यांचं, म्हणजे रानातल्या अळंब्यांचं, काम मात्र सगळं तुझ्यावर आहे. छत्री वाळली की कुठलीही असो, काळं कातडं होतं, ओळख म्हणून राहत नाही. ओल्या शेवाळात गुंडाळून मोटारीने नांदेडला पाठवीत जाईन. डबा हातात पडला की जेवण बाजूला ठेवून चित्र काढायला बस.

पुढच्या आठवड्यात निलंग्याकडे जाईन. तिथे बसवंत नावाचा शेतकरी मला रान दाखवणार आहे. घरी तो, त्याची म्हातारी आई जगदेवी आणि बायको बसम्मा. बायका कानडी बोलतात, तो माझ्याशी मराठी. मागच्या साली त्याने मला एक रात्र ओसरीवर निजू दिलं होतं, तेव्हापासून मी त्याला दोस्त म्हणतो. तो मला साहेब म्हणतो, त्याला इलाज नाही.

तू जेवतेस ना नीट? मी इकडे माळ तुडवून राहिलो, पण मन तिकडे असतं.

तुझा,
अवधूत


नांदेड, ८ जुलै १९४५

चि. अवधूत,

आशीर्वाद घे आणि कानही पुढे कर.

‘झाडून राहिलो’, ‘तुडवून राहिलो’. अरे, झाडून मग राहिलास कुठे? तुडवून कुठे मुक्काम केलास? पत्र वाचताना मला इतकं हसू आलं की स्वयंपाकघरात जाऊन केवळाबाईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “मग बरोबरच लिवलं की दादांनी. झाडून राह्यले तर झाडून राह्यलो असंच लिवणार.” तिच्याकडून मला दाद मिळायची नव्हती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुण्यातल्या माझ्या शाळेत कुणी असं वाक्य लिहिलं असतं तर बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

थट्टा पुरे. मामंजी मात्र थट्टेवारी नेत नाहीत. तुझ्या चिठ्ठ्या इथे मी नीट उतरून काढते, मग त्या हैदराबादला जातात, तिथे मुन्शी त्यांचं उर्दू करतात. बोलीतला एक शब्द गैरसमजाने तिकडे गेला की कायमचा काचेच्या कपाटात बसेल. तेव्हा निदान चिठ्ठ्यांवर तरी पुस्तकातली मराठी लिही. तुला येते. नांदेडच्या शाळेत निबंधाचं बक्षीस तूच घेतलं होतंस.

तू जेवणाचं विचारलंस. जेवते. ‘हे’ गेल्याला या श्रावणात दोन वर्षं होतील. घरात कुणी काही म्हणत नाही, हेच कधी कधी सोसत नाही. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. एक केवळाबाई तेवढी मला नेहमीसारखी रागावते. ती नसती तर मी रंगांची पेटी उघडली नसती. मागच्या वर्षी तिनेच माळ्यावरून काढून माझ्यापुढे आपटली आणि म्हणाली, “बसून बसून बुरशी येईल तुमाला. काढा कायतरी.” म्हणून मी पहिलं चित्र भिंतीवरच्या बुरशीचंच काढलं.

आणखी एक सांगते, हसू नकोस. मामंजींनी कबूल केलं आहे की छापील चित्रांखाली माझं नाव येईल. नुसतं ‘प्रेमला’. मागे गंगा नाही आणि भागीरथी नाही.

डबे पाठव. मी वाट पाहते आहे.

प्रेमलाताई


निलंगा, १७ जुलै १९४५

ती. प्रेमलाताईस,

पत्र मिळालं. पहिल्यांदा राग आला, मग हसलो, मग पुन्हा थोडा राग आला. माझी आई असंच बोलत असे. तिने मला ‘जेवून राहिलास का रे’ असं विचारलं की मला कधी त्यात काही चुकीचं दिसलं नाही. पण तुझं खरं आहे. आईची बोली काचेच्या कपाटात ठेवून तिच्यावर मुन्शींना हसू देण्यापेक्षा ती घरातच बरी.

तेव्हा शब्द देतो. आजपासून चिठ्ठीवर अस्सल पुणेरी मराठी. माझ्या हातचं ‘राहिलो’ दिसलं तर समज की मी कुठेतरी खरोखरच मुक्कामाला राहिलो आहे.

इकडे पाऊस रोज आहे. चिखलामुळे सायकल सोडली, पायीच हिंडतो. एकशे चारपर्यंत क्रमांक गेले. परवा माळढोकाचं पीस मिळालं, पक्षी नाही मिळाला. गावात दिवस बरे नाहीत. सरकारच्या धान्य-लेव्हीत ज्वारी गेली, कणग्यांचा तळ दिसतो आहे. बायका सकाळपासून बांधावर तरोट्याचा पाला खुडतात, आणि तोही आता लांबवर जाऊन आणावा लागतो. अशा घरांत मी शेवटच्या रकान्याची वही घेऊन बसतो, तेव्हा मला माझीच लाज वाटते. लोक याचं काय करतात? शिजवतात, दुसरं काय करणार.

बसवंत म्हणतो, आभाळ असंच राहिलं की वारुळांवर छत्र्या येतील. बसम्मा त्यांना अणबे म्हणते. दरसाल त्या घरात आठ दिवस तीच भाजी असते.

दोनदा ताप येऊन गेला. काळजी करू नकोस, कोयनेल आहे.

अवधूत


[नमुन्याच्या डब्यातून आलेली चिठ्ठी]

क्र. ११७. छत्री. २१ जुलै. रंग पांढरा स्वच्छ. गळ्याशी पातळ बांगडी, बुडाशी वाटी. जागा: निलंग्याच्या दक्षिणेस, बसवंतचा बांध, बाभळीखाली. गावातलं नाव: अणबे.
लोक काय करतात: बसवंतच्या घरचे खाऊन राहिले.

ताप आहे. मोटार सुटते. जास्त लिहीत नाही. अ.


नांदेड, ३ ऑगस्ट १९४५

चि. अवधूत,

तुझं पत्र नाही. डबा मात्र आला, आणि काय आला म्हणून सांगू. ११७ शेवाळातून काढली तेव्हा मला हात लावायची भीती वाटली, इतकी ती नितळ होती. पांढऱ्यावर पांढरा रंग कसा द्यायचा? तीन कागद वाया गेले. शेवटी मागे निळसर सावली धरली, बुडाची वाटी जरा गडद केली, तेव्हा ती कागदावर उभी राहिली. मामंजी चष्मा काढून, लावून, पुन्हा काढून पाहत होते. त्यांनी मला शाबास म्हटलं नाही, पण चहा स्वतःच्या हाताने आणून दिला.

त्यापुढची बातमी मोठी आहे. धान्याची टंचाई पाहून इथल्या कचेरीने मामंजींना विचारलं, तुमच्या पाहणीत रानातलं खाण्याजोगं काय काय सापडलं त्याची यादी द्या, गावोगाव लावतो. लोकांना वाचता येत नाही, म्हणून चित्रं हवीत. मी आठ चित्रं दिली. सात पाल्याभाज्या आणि एक ११७. दगडावर छापून घेतली. खाली नाव आहे. नुसतं ‘प्रेमला’.

११७ बद्दल मामंजी आधी कां कूं करत होते. म्हणाले, छत्रीचं काम, बुडाशी वाटी दिसते आहे, अशी धोक्याची असू शकते, ‘माहीत नाही’च्या रकान्यात टाकू. मी तुझी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. ‘बसवंतच्या घरचे खाऊन राहिले.’ मामंजी म्हणाले, “हे अवधूतचं राहिले तर नव्हे ना, त्याच्या बोलीतलं?” मी म्हटलं, नाही, त्याने मला शब्द दिला आहे. आता तो लिहितो ते पुस्तकातलंच लिहितो. खाऊन राहिले, म्हणजे खाऊन तगले, या टंचाईत याच्यावर दिवस काढले. मामंजींनी मान डोलावली. मी यादीत लिहिलं: निलंग्याकडची माणसं ही छत्री खाऊन राहिली आहेत.

चिठ्ठीतही तुझी भाषा सुधारली, हे पाहून मला खरोखर बरं वाटलं.

केवळाबाईने एक कागद मागून घेतला आणि चुलीवरच्या भिंतीला चिकटवला. धुराने काळा होईल म्हटलं तर म्हणते, “होऊ द्या. तुमचं हाय म्हून लावलं.”

पत्र टाक. दोन ओळी टाक.

प्रेमलाताई


नांदेड, १३ ऑगस्ट १९४५

चि. अवधूत,

अजून काही नाही. निलंग्याच्या पोस्टमास्तरांना मामंजींनी लिहिलं आहे. तू तापाने कुठे पडला आहेस असं मला सारखं वाटतं, आणि वाटलं की मी ते बोलत नाही, कारण या घरात मागच्या वेळीही तापच होता.

नांदेडच्या चावडीवर, शाळांत, घाटावर माझे कागद लागले. रस्त्याने जाताना मी मान खाली घालते, पण बघून घेते.

केवळाबाई उद्यापासून आठ दिवस विष्णुपुरीला. तिची लेक शिवकन्या बाळंत झाली आहे, मुलगी झाली. निघायच्या तयारीत आजच चुलीवरचा कागद सोडवून, घडी करून पदराच्या गाठीत बांधून घेतला. म्हणाली, नदीकाठी बाभळी हायत, बघते घावती का. तिच्याशिवाय घर फार शांत होणार आहे.

प्रेमलाताई


औसा, १६ ऑगस्ट १९४५

ताई,

नमस्कार राहू दे. आधी हे वाच, आणि वाचून संपायच्या आत माणूस पाठव. ११७ विषारी आहे. सगळे कागद काढायला लाव. शेषेराव आत्ताच लातूरला तार करायला निघाला आहे, ती तुला या पत्राआधी मिळेल. तरी लिहितो, कारण तारेत सगळं मावत नाही.

मी तीन आठवडे औशात शेषेरावाच्या घरी आहे. तो माझ्याबरोबर शिकलेला, इथे शाळेत मास्तर आहे. निलंग्याहून डबा मोटारीत ठेवला तेवढं मला आठवतं. त्यानंतर ताप डोक्यात गेला. तुझी दोन्ही पत्रं निलंग्याहून फिरत फिरत आज सकाळी एकदम हातात पडली. तिसऱ्या तारखेचं वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग शेषेरावाला तारेचा मजकूर लिहून दिला.

आता सांगतो. त्या दिवशी सकाळी बसवंतच्या आईने बांधावरून ओटीभर छत्र्या आणल्या. वारुळावरच्या नव्हत्या, बाभळीखालच्या होत्या. मी उलटून पाहिल्या. वारुळावरच्या छत्रीला लांब मूळ असतं, हिला वाटी होती. वेगळी होती म्हणून तर मी एक काढून घेतली, क्रमांक दिला. घरात दोन दिवस तरोट्याशिवाय काही शिजलं नव्हतं. बसवंत म्हणाला, “अणबेच हाय साहेब, जरा जाडीचं हाय.” मी काही बोललो नाही. मला वाटलं, यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं की ते या वेगळ्या छत्रीचं काय करतात. शेवटचा रकाना. विचारायचं नाही, नुसतं बघायचं, हा माझाच नियम.

मी उंबऱ्यावर बसून चिठ्ठी लिहिली तेव्हा समोर दोघं जेवत होती. बसवंत आणि त्याची आई. बसम्मा वाढत होती. ते खाऊन राहिले होते, ताई, म्हणजे खात होते. आत्ता, माझ्यासमोर, ताटं धुवायची होती अजून. एवढंच लिहिलं मी. अंगात ताप होता आणि हात आईच्या बोलीत गेला. तुला दिलेला शब्द मला त्या क्षणी आठवला नाही.

पुढचं मला कालपरवापर्यंत माहीत नव्हतं. बसम्माचा भाऊ औशाच्या बाजारात शेषेरावाला भेटला होता. शेषेरावाने ते मला ताप उतरेपर्यंत सांगितलं नाही. त्या रात्री दोघांना उलट्या, जुलाब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबलं. तिसऱ्या दिवशी दोघं चांगली उठली. बसवंतने औत जुंपलं, म्हातारी दारात येऊन बसली, शेजारणीशी हसली. सगळ्यांना वाटलं, निघालं पोटातलं. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले. सातव्या दिवशी बसवंत गेला, आठव्या दिवशी त्याची आई. बसम्मा वाचली, कारण तिच्या वाट्याला भांड्यात काही उरलंच नव्हतं.

म्हणजे कुणी खाल्लं असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. तो बरा दिवस खोटा असतो.

मी बसम्माकडे कुठल्या तोंडाने जाऊ, ते मला कळत नाही. तिने मला जेवायला वाढलं होतं त्या दिवशी, माझ्यासाठी उसन्या पिठाची वेगळी भाकरी. मी तापाचं निमित्त सांगून छत्री खाल्ली नाही. ते निमित्तच होतं, ताई. मला त्या वाटीची भीती वाटली होती. स्वतःपुरती वाटली आणि मी गप्प बसलो.

केवळाबाई विष्णुपुरीला गेली असेल तर आधी तिच्याकडे जा.

अवधूत


विष्णुपुरी, १८ ऑगस्ट १९४५

चि. अवधूत,

तू जिवंत आहेस, एवढं तारेवरून कळलं. काल दिवेलागणीला तार आली. तारबाबूंनी इंग्रजीतून वाचून सांगितली, ११७ विष, कागद उतरवा, औसा. पत्र अजून नाही, तेव्हा काय घडलं ते मला माहीत नाही. मामंजींनी लगेच कचेरी गाठली. तिथे लढाई संपल्याची साखर वाटत होते, कुणी ऐकून घेईना. मग ते स्वतः, बाहत्तर वर्षांचा माणूस, कंदील घेऊन चावडीपासून घाटापर्यंत कागद फाडत गेले. आज गावोगाव माणसं पाठवली आहेत.

मी सकाळी टांगा करून इथे आले. वाटभर एकच म्हणत होते, मिळाली नसेल, मिळाली नसेल. दारात टांगा थांबला तर केवळाबाई ओट्यावर बसलेली, मांडीवर नात, समोर ताटलीत कढी आणि भाकरी. मला बघून म्हणाली, “या बाई. बसा. जेवून राह्यले.”

जेवून राहिले. अवधूत, मी ते वाक्य तिथे उभी राहून ऐकलं आणि तुझी चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढे आली. तुला काय म्हणायचं होतं ते मला त्या ओट्यावर कळलं. वर्षानुवर्षं ही बाई माझ्याशी असंच बोलते आहे. मी रोज ऐकते. फक्त कागदावर आलं की मला ते ऐकू येत नाही.

तिने खाल्ली होती. परवा, सोळाला, नदीकाठी पाच सापडल्या. बाळंतिणीला द्यायची नाही आणि जावई शेतावर वस्तीला, म्हणून सगळी तिनेच खाल्ली. काल दिवसभर उलट्या झाल्या. पण आज उतार आहे. म्हणाली, “काल लई तरास झाला. आज बरं हाय. ताकद आली.” मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती मला रागावली. म्हणाली, “अशुभ करू नका बाळाम्होरं.”

म्हणजे निभावलं. तुझ्या तारेने माझा जीव घेतला होता, पण निभावलं. आज इथेच राहते, तिच्या हातचं खाते, उद्या तिला टांग्यातून घरी नेईन.

पत्र इथवरच ठेवते, जाणारा माणूस मिळाला की देईन.


१९ ऑगस्ट

मामंजींनी माणसाबरोबर तुझं पत्र पाठवलं. मी ते ओट्यावर बसून वाचलं. केवळाबाई समोर गव्हले वळत होती.

पत्रातला तिसरा दिवस म्हणजे तिचा कालचा दिवस.

नांदेडहून डॉक्टर आणले. त्यांनी तिला तपासलं, बाहेर येऊन मला विचारलं, किती खाल्ली? मी सांगितलं. ते म्हणाले, साखरेचं पाणी देत राहा. यावर आमच्याकडे औषध नाही. ती आतून विचारत होती, डागदराला च्या दिला का.

मी तिला काही सांगितलं नाही. शिवकन्येलाही नाही. तू उंबऱ्यावर गप्प बसलास, ते वाचताना मला तुझा संताप आला होता. आता मी चार हात अंतरावर बसून तेच करते आहे. माझा आणखी एक गुन्हा आहे, तो तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणं होणार नाही. मामंजी ‘माहीत नाही’त टाकू म्हणाले तेव्हा मी एवढी का भांडले? चिठ्ठीमुळे नाही. आठ चित्रांत ते एकच चित्र मला जमलं होतं. ते छापलं जावं असं मला वाटत होतं. चिठ्ठी मला हवी तशी वाचता आली, म्हणून मी तशी वाचली.


२२ ऑगस्ट

परवा दुपारी तिचे डोळे पिवळे झाले. काल तिला कळलं. कसं कळलं ते माहीत नाही, नातीला मांडीवरून उतरवलं आणि पुन्हा घेतलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी, तुझा शब्द, माझं वाचणं. तिने ऐकून घेतलं. मग पदराची गाठ सोडायला लावली. आतला कागद चौघडी होऊन मऊ पडला होता. तो तिने उलगडून छातीवर ठेवला आणि म्हणाली, “चितार मातर हुबेहूब हाय बाई. म्या बघितलं की वळखलं. कुटं फरक न्हाई.” तिला माझं समाधान करायचं होतं. याहून वाईट ती मला काही म्हणू शकली नसती.

थोड्या वेळाने तिने तुझी चौकशी केली. दादांचं पत्र आलं का, काय लिवलं. मी म्हटलं, आलं. माळावर हिंडून राहिलो, असं लिहिलं आहे. ती हसली आणि म्हणाली, “बरोबर लिवलं.”

त्यानंतर ती बोललेली नाही. श्वास चालू आहे. शिवकन्या बाळाला घेऊन पलीकडच्या घरी आहे, तिला कुणीतरी सांभाळतं आहे.

मामंजींना निरोप दिला आहे की ११७ ची चिठ्ठी बदलू नका, फाडू नका. ती तुझ्या अक्षरात, तुझ्या आईच्या बोलीत, तशीच हैदराबादला जाईल. तिच्याखाली माझ्या अक्षरात बसवंत, जगदेवी आणि केवळाबाई यांची नावं जातील, म्हणजे मुन्शींना त्या दोन शब्दांचा अर्थ विचारावा लागणार नाही. चित्राखालचं माझं नाव मात्र मी खोडणार नाही. ते तिथे असायला हवं.

तू आधी बसम्माकडे जा. तोंड नसेल तरी जा. मग जमलं तर इकडे ये. मी कुठे जात नाही, इथे तिच्या उशाशी बसून राहिले.

प्रेमला